चोरवाटेचा घाट

'वाट पडली', 'वाट मळली', 'वाट मोडली', 'वाट बुजली'. पायवाटेबद्दल बोलताना मराठी माणूस सहसा कर्ता सांगत नाही. ही पायवाट कोणी केली, असे आपण विचारत नाही. ती वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने झालेली असते. 'वाट पाडणे' हा सकर्मक प्रयोग जुन्या मराठीत होता, पण त्याचा अर्थ वाटसरूला लुटणे असा होता आणि 'वाटपाड्या' म्हणजे वाटमारी करणारा. वाटेला कर्ता मिळाला की तो चोर ठरतो, ही गंमत भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे.

प्रस्तुत लेख एका निराळ्या प्रकारच्या वाटपाड्यांविषयी आहे. ते कोणाला लुटत नाहीत; खरोखरीच वाटा पाडतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया, स्कॉटलंड, वेल्स अशा ठिकाणी वनखात्यांच्या जमिनींवर गेली काही दशके माउंटन बाइकवाले परवानगीशिवाय उताराच्या वाटा बांधत आले आहेत. कुदळ, फावडे, दंताळे, करवत एवढेच त्यांचे सामान. त्यांचे काम शनिवारी-रविवारी किंवा संध्याकाळी चालते आणि वाटेचे तोंड फांद्यांनी झाकलेले असते. वाटेला नाव असते, बांधणाऱ्याचे नाव मात्र चारचौघांतच माहीत असते.

या वाटांविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक वनाधिकाऱ्यांचा. त्यात वाट हा केवळ गुन्ह्याचा पुरावा असतो: किती मीटर, किती झाडांना इजा, कोणत्या कलमाचा भंग. दुसरा चाहत्यांचा. त्यात बांधणारा हा रानातला संत असतो आणि खाते हा खलनायक. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट राहून जाते. वाट स्वतः कशी आहे, तिचा आकार तसाच का झाला, हे कोणी पाहत नाही. साहित्यसमीक्षेत ज्याला आपण 'घाट' म्हणतो, त्या दृष्टीने या चोरवाटांकडे पाहिले तर काय दिसते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे: चोरून बांधणे हे या वाटांचे केवळ कायदेशीर वर्णन नाही, ते त्यांच्या घडणीत उतरलेले आहे. त्यांचे सौंदर्य आणि त्यांनी केलेली हानी, दोन्ही त्याच एका कारणातून निघतात.

रान कोणी केले?

आधी ज्या जमिनीवर हे घडते ती जमीन पाहू. ब्रिटनमध्ये फॉरेस्ट्री कमिशन १९१९ मध्ये स्थापन झाले. पहिल्या महायुद्धात लाकडाची आयात अडली, खाणींना टेकू मिळेनासे झाले, तेव्हा देशाने लाकडाचा साठा उभा करायचे ठरवले. त्यासाठी सर्वाधिक लावले गेलेले झाड म्हणजे सिट्का स्प्रूस. हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे. डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंगाहकाने १८३१ मध्ये ते ब्रिटनमध्ये आणले. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर नांगराने चर पाडून, ओळीने, एकाच वयाची झाडे लावली गेली. साधारण चाळीस वर्षांनी सलग तोड करायची आणि पुन्हा लावायचे. आपल्याकडच्या वनखात्याचा 'रोपवन' हा शब्द या रानाला अगदी चपखल बसतो.

अशा रोपवनात उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही. खाली झुडपे नसतात, गवत नसते. असतो तो फक्त गळलेल्या सुयांचा मऊ, काळपट थर. चोरवाटा बांधणाऱ्यांसाठी ही आयती पाटी आहे. दंताळ्याने सुया बाजूला ओढल्या, खालच्या फांद्या छाटल्या, दोनचार वळणांना मातीचा आधार दिला की वाट तयार. जिला स्वार 'लोम' म्हणतात आणि जिच्यावर चाक रुतत-सरकत जाते ती ही माती. म्हणजे स्कॉटिश चोरवाटेची जी खास चव सांगितली जाते, ती रानाच्या निसर्गातून येत नाही, खात्याने केलेल्या लागवडीतून येते. खाते आणि वाटपाडे एकमेकांना कितीही परके समजोत, एकाच्या लागवडीवर दुसऱ्याची वाट उभी आहे.

त्यामुळे 'अस्पर्श निसर्गावर घाला' हा आरोप रोपवनाच्या बाबतीत फारसा टिकत नाही. पण त्यावरून 'इथे बिघडवण्यासारखे काहीच नव्हते' असा निष्कर्ष चाहते काढतात, तोही टिकत नाही. त्याकडे पुढे येईन.

वापर आणि निर्मिती

कायद्याची भूमिका देशागणिक वेगळी आहे, आणि हा फरक समजून घेण्याजोगा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने सायकलस्वारांना घोडेवाटांवरून जाण्याचा हक्क दिला. मात्र पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, ही अट घातली. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधारणा कायद्याने त्याही पुढे जाऊन, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर पायी, घोड्यावर किंवा सायकलवर फिरण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे स्कॉटलंडमध्ये वनखात्याच्या झाडीतून सायकल नेणे हा गुन्हा नाही. कुदळ मारली की मात्र तो हक्क संपतो.

ब्रिटिश कोलंबियाचा फॉरेस्ट अँड रेंज प्रॅक्टिसेस अॅक्ट याहून कडक आहे. त्याचे ५७ वे कलम सरकारी जमिनीवर लेखी परवानगीशिवाय पायवाट बांधण्यास तर मनाई करतेच, पण तिचे पुनरुज्जीवन करण्यास आणि तिची निगा राखण्यासही मनाई करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांच्या नियमांतही बांधणे आणि निगा राखणे ही दोन्ही कृत्ये एकाच वाक्यात निषिद्ध ठरवली आहेत.

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. कायदा म्हणतो: वापरा, पण घडवू नका, आणि कोणी घडवलेच असेल, तर दुरुस्तही करू नका. अधिकाऱ्याच्या बाजूने यामागचे कारण उघड आहे. जमीनमालकावर तिथे येणाऱ्याच्या सुरक्षिततेची काही एक जबाबदारी असते. स्कॉटलंडमध्ये १९६० चा ऑक्युपायर्स लायबिलिटी अॅक्ट ती सांगतो. आपल्या रानात कोणीतरी उडीचा उंचवटा बांधला आहे हे माहीत असून तो राहू दिला, आणि त्यावरून पडून कोणाची मान मोडली, तर? ही भीती अगदीच पोकळ नाही. पण ती जितकी रंगवली जाते तितकी मोठीही नाही. तोच १९६० चा कायदा सांगतो, की माणसाने राजीखुशीने पत्करलेल्या जोखमीचे उत्तरदायित्व मालकावर येत नाही. २००३ मध्ये, पोहण्यास मनाई असलेल्या तलावात उडी घेऊन जायबंदी झालेल्या एका तरुणाचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सनेही फेटाळला होता. तरीही खात्यांच्या कारभारात 'माहीत नाही' हेच सर्वांत सुरक्षित उत्तर ठरते. वाटपाड्याला लपायचे असते आणि अधिकाऱ्याला पाहायचे नसते. चोरवाट टिकते ती या दुहेरी अंधारात.

आकारात उतरलेली चोरी

आता प्रत्यक्ष वाट पाहू. डोंगरावर वाट आखण्याचे शास्त्र आज बऱ्यापैकी रूढ झाले आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने त्याचे साधे नियम केले आहेत. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे डोंगर ३० टक्के उताराचा असेल तर वाट १५ टक्क्यांपर्यंतच. एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहावी. वाटेची बाहेरची कड किंचित खाली असावी, आणि ठरावीक अंतरावर उतार उलटा फिरवावा, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता वाटेला ओलांडून जाते. सह्याद्रीतल्या जुन्या बैलवाटा नागमोडी का आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही.

चोरवाट हे नियम मोडते. बांधणाऱ्याला ते ठाऊक नसतात म्हणून नव्हे. पुष्कळांना ते उत्तम ठाऊक असतात. पण समपातळी रेषेला धरून जाणारी वाट लांब होते. तिला उतार कापून सपाटी करावी लागते, दगड आणावे लागतात, मोऱ्या घालाव्या लागतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालते, आवाज करते आणि लांबून दिसते. ज्याच्यापाशी एक दंताळे आणि अंधार पडेपर्यंतचे दोन तास आहेत, तो झाडांच्या दोन ओळींमधून सरळ खाली उतरतो. म्हणजेच पाणी ज्या मार्गाने उतरते तोच मार्ग तो निवडतो.

पहिल्या वर्षी ही वाट अप्रतिम असते. अरुंद, मऊ, प्रत्येक झाडाशी जवळीक असलेली. स्वाराला तिथे फलक नसतो, कठडा नसतो. पुढचे वळण त्याने स्वतः वाचायचे असते. दुसऱ्या हिवाळ्यात सुयांचा थर संपतो. ब्रेक दाबल्याने वळणाच्या तोंडाशी खळगा पडतो, खळग्यात पाणी साचते, पाण्याला उताराची सरळ रेषा आयतीच मिळते. मुळे उघडी पडतात. मुळे टाळायला स्वार बाजूने जातात आणि एका वाटेच्या तीन होतात. आता डागडुजी हवी. पण डागडुजी करताना सापडण्याचा धोका नवी वाट पाडण्याइतकाच असतो. मग बांधणारा पलीकडच्या दोन ओळींत नवी वाट सुरू करतो. चोरवाटांची संख्या का वाढत जाते, याचे उत्तर स्वारांच्या हावेत शोधण्याआधी या हिशेबात शोधावे. जिथे दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांना एकच शिक्षा आहे, तिथे माणूस नवे बांधकाम करतो.

व्हँकूव्हरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, ज्यांना 'नॉर्थ शोअर' म्हणतात, याच कहाणीचा दुसरा आविष्कार दिसतो. हे डोंगर नगरपालिकेच्या आणि इतर सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात, काही भाग खासगी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तोडीनंतर वाढलेले रान, प्रचंड पाऊस, पाणथळ जमीन, जागोजागी आडवे पडलेले सीडरचे ओंडके. १९८० च्या दशकापासून इथे वाटा पडू लागल्या. चिखल आणि ओंडके ओलांडण्यासाठी बांधणाऱ्यांनी पडलेल्या सीडरच्याच फळ्या चिरून शिडीसारखे पूल केले. 'डिगर' या नावाने प्रसिद्ध झालेले टॉड फियांडर यांनी असे पूल बांधले आणि 'नॉर्थ शोअर एक्स्ट्रीम' या चित्रफितींतून ते जगभर पोचवले. पहिले पूल पाहिले तर त्यांत एक कारागिरी आहे: रानातलेच लाकूड, ओलीपासून मातीचा बचाव, चाकापुरती रुंदी.

पुढे काय झाले हे समीक्षकाने स्पष्ट सांगायला हवे. पूल पाण्यावरून जायचा थांबला. तो उंच होऊ लागला, अरुंद होऊ लागला, कोरड्या जमिनीवरही दिसू लागला. कॅमेऱ्यासाठी बांधलेला पूल आणि चिखलासाठी बांधलेला पूल यांत तोच फरक आहे, जो गरजेच्या अलंकारात आणि हौसेच्या अलंकारात असतो. सीडर कितीही टिकाऊ असले तरी त्या पावसात ते शेवटी कुजते, आणि कुजलेल्या उंच पुलाची जबाबदारी घ्यायला कोणी नसते. यथावकाश ती शैली मागे पडली. काही पूल काढले गेले, काही आपणच कोसळले. १९९७ मध्ये नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. हळूहळू परवानगी, दत्तक वाटा, स्वयंसेवकांचे दिवस आणि दगडी बांधणी आली. आज तिथल्या चांगल्या वाटा पाहताना जे आवडते, ते बहुतांशी या दुसऱ्या पर्वातले, दुरुस्तीच्या पर्वातले काम आहे.

न दिसणारे रहिवासी

चाहत्यांच्या लेखनाचा सर्वांत मोठा दोष असा, की त्यात हानी मोजताना फक्त वाटेची रुंदी मोजली जाते. 'अर्धा मीटर रुंदीची रेघ, तिने काय बिघडणार?' हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण स्कॉटलंडमधला कॅपरकेली हा पक्षी पाहा. टर्कीएवढा, जुन्या पाइनच्या रानात राहणारा. अठराव्या शतकात तो ब्रिटनमधून नामशेष झाला; १८३७ मध्ये स्वीडनहून पक्षी आणून तो पुन्हा वसवला गेला. २०२१-२२ च्या हिवाळ्यातील पाहणीत त्याची संख्या अवघी ५४२ च्या आसपास भरली. वसंतात पहाटे नर ठरावीक जागी जमून नाचतात, माद्या जमिनीवर घरटी करतात. माणसांच्या वर्दळीच्या रानवाटांलगतचा पट्टा हा पक्षी टाळतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. हा पट्टा दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर धरला, तर दोन किलोमीटर वाटेची खरी व्याप्ती चाळीस हेक्टर होते. अर्ध्या मीटरच्या रेघेचे क्षेत्रफळ त्याच्या चारशेव्या भागाइतकेच आहे. स्वाराला हे कळत नाही, कारण टाळणारा पक्षी दिसतच नसतो.

अमेरिकेतील ऑरेगनमध्ये स्टार्की येथील प्रायोगिक वनात, गळ्यात यंत्र बांधलेल्या एल्क हरणांवर असाच अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारगाड्यांपासून एल्क सर्वांत दूर राहिले, त्याखालोखाल माउंटन बाइकपासून. पायी चालणारे आणि घोडेस्वार त्यानंतर. पादचाऱ्यांनी यावरून फुशारून जाण्याचे कारण नाही, त्यांनाही हरणे टाळतच होती.

एक रहिवासी तर माणूसच आहे. ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक प्रदेश मूळ रहिवाशांनी कोणत्याही कराराने दिलेला नाही. नॉर्थ शोअरचे डोंगर स्क्वामिश आणि स्लेल-वॉटूथ या लोकांचे. 'सरकारची परवानगी कशाला हवी, जमीन सर्वांची आहे' असे वाटपाडा म्हणतो, तेव्हा त्याच्या 'सर्वां'मध्ये हे लोक क्वचितच असतात. परवानगी मागितली नाही ती केवळ खात्याची नव्हे.

उसनी भाषा

इथे आपल्याशी असलेला एक खरा धागा सांगतो. ब्रिटनमधले वनशास्त्राचे शिक्षण हिंदुस्थानच्या रानांतून वाढले. हिंदुस्थानच्या वनखात्याचे प्रमुख राहिलेले विल्यम श्लिख यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे वनशिक्षण सुरू केले, ते पुढे १९०५ मध्ये ऑक्सफर्डला गेले. वाटेकडे पाहण्याची खात्याची नजर कशी घडली, हे आपल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वाचायला मिळते. त्याचे २५ वे कलम वनाधिकाऱ्याला, सरकारच्या मंजुरीने, राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करण्याचा अधिकार देते. अट एवढीच, की तिच्या बदल्यात पुरेशी सोयीची दुसरी वाट असावी किंवा करून द्यावी. वहिवाट हा हक्क नसून सोय आहे, हे या कलमाचे तत्त्व. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर जो संताप व्यक्त केला, तो याच वृत्तीच्या आधीच्या पिढीवरचा.

म्हणूनच माउंटन बाइकवाले जेव्हा 'सामाईक जमीन', 'लोकांचा हक्क' ही भाषा वापरतात, तेव्हा ती कान देऊन ऐकली पाहिजे आणि तपासलीही पाहिजे. गुरे, सरपण, पाणी, बाजार यांसाठी रानातून जाणाऱ्याची वाट बंद होणे आणि आठवड्याच्या सुट्टीतल्या खेळाची वाट बंद होणे ही एकसारखी दुःखे नाहीत. भाषा उसनी घ्यावी, पण तिच्याबरोबर येणारे ओझेही घ्यावे. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात हक्कापाठोपाठ पाचव्या कलमात वन्यजीव, वन आणि पाणलोट यांच्या रक्षणाचे काम हक्कदारांकडे आणि ग्रामसभेकडे दिले आहे. निगा राखणाऱ्याचा हक्क बळकट असतो, हा विचार चोरवाटांच्या वादात दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

कायदेशीर झाल्यावर

मग सगळ्या वाटा अधिकृत कराव्यात का? त्यातही तोटा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वेल्समधील कोएड-अ-ब्रेनिन येथे १९९० च्या दशकात वनखात्याच्या जमिनीवर माउंटन बाइकसाठी खास बांधलेल्या वाटा झाल्या आणि ब्रिटनभर तोच नमुना पसरला. निळी, तांबडी, काळी अशी प्रतवारी, दगडी खडीचा पृष्ठभाग, वाहनतळ, उपाहारगृह. या वाटा पावसात टिकतात, नवख्याला सामावून घेतात. पण यंत्राने केलेल्या वाटा एकमेकींसारख्या दिसतात. डोंगर बदलला तरी वळण तेच. स्वाराने वाचायचे काही उरत नाही. चोरवाटांना लोक जातात ते या कंटाळ्यामुळेही.

स्कॉटलंडच्या ट्वीड खोऱ्यातले उदाहरण म्हणून मोलाचे आहे. इनरलीथनजवळच्या 'गोल्फी' नावाच्या उतारावरच्या एका वाटेचे नावच 'रिपीट ऑफेंडर', म्हणजे सराईत गुन्हेगार. या खोऱ्यात २०१४ मध्ये एंड्युरो वर्ल्ड सिरीजची शर्यत झाली आणि मुळात चोरून पाडलेल्या वाटांवरून जगातले अव्वल स्वार उतरले. पुढे स्थानिक स्वयंसेवी संघटनेने वनखात्याशी करार करून अशा काही वाटांची निगा आपल्याकडे घेतली. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळाने पूर्व स्कॉटलंडची रोपवने आडवी केली, तेव्हा अशा कराराचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. ताणाखाली वाकलेले, एकमेकांत अडकलेले बुंधे एकट्याने चोरून कापणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

या उदाहरणात वाटेचा घाट खडीचा झाला नाही. ती अरुंदच राहिली, उभीही राहिली. फरक पडला तो इतकाच, की तिच्यावरचे पाणी बाजूला काढायला कोणीतरी उघडपणे, दिवसाउजेडी जाऊ शकते.

म्हणून माझा आग्रह असा. कायद्याने बांधणे आणि निगा राखणे या दोन कृत्यांना वेगळे करावे. नव्या वाटेवर बंदी ठेवा, पण असलेल्या वाटेची डागडुजी नाव नोंदवून करू द्या. जुनी पाइनची राने आणि घरट्यांचे महिने सरळ वगळा, आणि ते वगळणे बांधणाऱ्यांनी आपणहून पाळावे. मूळ रहिवाशांची जमीन असेल तिथे पहिला अर्ज त्यांच्याकडे जावा. आणि बांधणाऱ्यांनी आपल्या कामाखाली सही करावी. वाटेवर उडी बांधली आहे, पण बांधणारा कोण ते सांगायचे नाही, ही निनावी कला नव्हे. तिथे पडलेल्या माणसाला उत्तर न देण्याची ती सोय आहे.

एखादी वाट चांगली की वाईट हे ठरवायला पहिल्या दिवशी जाऊ नये. दोन पावसाळे जाऊ द्यावेत आणि मग पाहावे: पाणी कोठून वाहते, मुळे किती उघडी आहेत, वाट एक आहे की तीन, आणि फावडे घेऊन तिथे कोण उभे आहे.